एक डोळा मिटून

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे, पण मला लावून आजवर कुणी वर्तमानपत्र वाचलेलं नाही. माझ्या काचा पापण्यांसारख्या उघडतात आणि मिटतात. डावी उघडली की उजवी मिटते, उजवी उघडली की डावी, तेही इतक्या झपाट्याने की कुणाला पत्ता लागत नाही. समोरचा पडदा त्याच ठेक्यात एकदा डाव्या डोळ्याचं चित्र दाखवतो, एकदा उजव्याचं. मग सपाट चित्राला खोली येते.

मला इस्पितळातल्या प्रोग्रामर ताईने आणलं. पहिल्याच दिवशी तिने आरशासमोर पट्टी धरून आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजलं आणि प्रोग्राममध्ये तेवढ्याच अंतरावर दोन कॅमेरे मांडले. रुग्णाच्या तपासणीतल्या चित्रांवरून ती पडद्यावर पारदर्शक डोकं उभं करायची आणि डॉक्टर मला लावून आतली गाठ शोधायचे. माझं तेव्हा फार कौतुक होतं. ताई मऊ फडक्याने पुसल्याशिवाय मला कधी ठेवत नसे.

पडद्याच्या माथ्यावर बसवलेली एक छोटी डबी मला ठेका देई. वीज जाऊन आली की ती कधीकधी भलत्याच डोळ्यापासून सुरुवात करी. मग पुढचं मागे दिसे आणि मागचं पुढे. म्हणून ताई रोज सकाळी खुणेचं चित्र लावायची, डाव्या डोळ्याला गोल, उजव्याला चौकोन. आधी एक डोळा मिटून बघायची, मग दुसरा.

"झाला का यंत्राला डोळा मारून?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी चिडवायचा.

एके दिवशी पडद्यावर ताईच्या धाकट्या बहिणीचं डोकं आलं. दुसऱ्या दिवशी तिची शस्त्रक्रिया होती. सकाळी वीज जाऊन आली होती, आणि ताईचे डोळे सारखे भरून येत होते. खुणेचं चित्र राहून गेलं. माझा ठेका उलटा पडला होता, हे फक्त मलाच ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

चेहरा ओळखीचा, म्हणून सगळ्यांना चेहराच दिसला. माणसाचं मन चेहरा उलटा मानायला तयार होत नाही. मला मात्र जणू मुखवट्याची आतली बाजू दिसत होती. मिटलेल्या पापण्या आतल्या अंगाला फुगल्या होत्या. त्या खोलीत मला भर दुपारी भीती वाटली.

डॉक्टर म्हणाले, "गाठ पुढे आहे, मोठी शीर मागे. कपाळातून सरळ जाऊ."

ताईने मान डोलावली. शीर पुढे होती, मित्रांनो. मी आपला उघडत-मिटत राहिलो.

"मलाही बघू दे," शेजारी उभी असलेली ताईची आई म्हणाली. मला लावून तिने लेकीच्या कपाळावरून फिरवायला हात पुढे केला. बोटं पडद्यावर अडली.

"कपाळ हाताला लागत नाही गं. आत जातंय. ही पाठ करून बसलीय, आणि तरी तिचं तोंड दिसतंय. हाका मारतेय मला."

"आई, दमलीयस तू. घरी जा बरं."

"दमलेय. वेडी नाही झाले. हे बरोबर नाही."

ताईने मला आईच्या नाकावरून उचललं, स्वतः लावलं आणि खुणेचं चित्र आणलं. उजवा डोळा मिटला. डाव्याला चौकोन दिसला. तिने एक कळ दाबली. शीर पुढे सरकली, गाठ तिच्यामागे गेली.

डॉक्टरांनी मला लावून पुन्हा पाहिलं. "बाजूने जावं लागेल," ते म्हणाले.

बहीण वाचली. काही महिन्यांनी ती मला लावायला आली. "त्या दिवशी दिसलं होतं तसं उलटं करून दाखव," ती ताईला म्हणाली. ताईने कळ दाबली. बहीण पडद्याजवळ सरकली.

"इथे आले होते मी," ती हळूच म्हणाली. "शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी, वॉर्डात झोपले असताना. आईचा हात समोर दिसत होता आणि पोचत नव्हता. मी हाका मारत होते."

आईच्या हाताबद्दल तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आता नवी यंत्रं आली. मी बॅटरीविना खणात पडलो आहे, काचांवर धूळ आहे. तरी अधूनमधून माझी डावी काच आपोआप मिटते. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी माझी तक्रार नाही. पण कुणी म्हणालं, "हे बरोबर नाही," तर त्याला घरी पाठवू नका. आधी एक डोळा मिटून बघा. आतून कुणी हाका मारत असेल.