सुतळीची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. माणसाच्या मापाची नव्हे, एका कुत्रीच्या मापाची. दारव्ह्याजवळच्या मथुराबाईंच्या शेतातला पांढराशुभ्र कापूस माझ्या पोटात भरला. त्याच कापसाची सरकी घाण्यावर गेली आणि तिची बैलांसाठी ढेप, म्हणजे पेंड, झाली.

मथुराबाईंच्या मुलाने, इंद्रजितने, नागपूरहून व्हिपेट जातीची कुत्री आणली होती. हरणासारखे पाय, कागदासारखी कातडी, अंगावर मांस बेताचेच. मथुराबाईंनी तिचे नाव ठेवले सुतळी. फरशीवर तिची हाडे टोचत, म्हणून त्यांनी मला शिवले.

पुण्याला नोकरीवर जाताना इंद्रजित बजावून गेला, "माय, थंडीत हिले स्वेटर घाल. भर उन्हात पळू देऊ नको. अन् हिच्या फासळ्या दिसतीनच, या जातीचं अंगच तसं आहे. लोकाईचं ऐकून काही चारू नको."

"बरं बाप्पा, तुयी सुतळी तशीच ठेवतो," मथुराबाई हसल्या.

सुतळी शेताकडे धावत सुटली की त्या गुणगुणत,

सुतळी गं माझी, वाऱ्याची लेक
दारातून बांधाला उडी तिची एक

संध्याकाळी तो वारा माझ्यावर येऊन निजे.

आषाढात, आखाडीच्या सुमारास शेजारच्या रामीबाईने टोमणा मारला, "काय व मथुरे, बैल असे गुबगुबीत, अन् कुत्रीच्या फासळ्या वाजून राह्यल्या! पोरगं गेलं तं तिचं खाणं बंद केलं का?"

पोळ्याला गावभर मिरवायची जनावरे, त्यांच्या अंगावरून घराची अब्रू ठरे. मथुराबाईंच्या ते जिव्हारी लागले. सुतळीच्या दूधभाकरीत त्या बैलांची ढेप गूळ घालून कालवू लागल्या. बैल जिने भरतात, तिने कुत्री का नाही भरणार?

आणि पोळ्यापर्यंत सुतळीचे पोट गोल झाले. रामीबाई म्हणाली, "पाह्य, आता कशी भरली!" मथुराबाईंचा चेहरा उजळला.

मला मात्र तिची हाडे पूर्वीपेक्षा जास्त टोचत होती. तिचे काळीज माझ्या कापसावर अडखळत धडधडे. धाव तर केव्हाच थांबली होती. मित्रांनो, मला तोंड नव्हते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी ती उठलीच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला.

"काय चारत होत्या, मावशी?"

"ढेप. गुळासंग."

डॉक्टरांनी पोटावरचा हात काढला. "ढेप बैलाले पचते. कुत्र्याच्या काळजाले ते विष आहे. हे मांस नाही, मावशी, पाणी आहे."

"मंग आता?"

 दुपारी सुतळी माझ्यावरच गार झाली.

फोनवर इंद्रजितने एवढेच विचारले, "गादीवर होती नं व माय?"

"हो रे बाप्पा."

मित्रांनो, तुमच्या दारच्या मुक्या जिवाला लोकांच्या नजरेने जोखू नका. त्याच्या अंगावरून रोज हात फिरवा. त्याला काय मानवते आणि काय नाही, ते चारण्याआधी जाणत्याला विचारा.

आता मी ओसरीत पडून असते. परवा रामीबाई म्हणाली, "मथुरे, पिंजून घे व हे गादी. मधात खड्डा पडला."

मथुराबाईंनी त्या अरुंद खळग्यात तळवा टेकवला.

"राहू दे व," त्या म्हणाल्या. "एवढीशीच होती ते."