चारही डावे खराब

मावशीच्या वहीत पहिल्याच पानावर नियम लिहिलेला होता: 'ऐकू येतंय का' असं कुणाला विचारायचं नाही. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं तिने लाइनी तपासल्या आणि तेवढ्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली, की 'ऐकू येतंय का' विचारलं की माणूस हो म्हणतो. लाइनमध्ये पाणी शिरलेलं असो, पलीकडे नुसती खरखर असो, हो म्हणतो. भिडेपोटी म्हणतो, घाईत म्हणतो, आपण खुळे दिसू नये म्हणून म्हणतो. म्हणून पलीकडच्याला कागद-पेन घ्यायला लावायचं, वीस शब्द वाचायचे, आणि त्याने काय लिहून घेतलं ते त्याच्याकडूनच वाचून घ्यायचं. वीसपैकी जितके बरोबर तितके लाइनचे मार्क. बाकी सगळ्या गप्पा.

गल्लीत तिला सगळे हॅलोमावशी म्हणत. ती वरवर नाक मुरडायची, पण एखाद्याने नुसतं मावशी म्हटलं तर तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

तर अशा या बाईसमोर एका सोमवारी सकाळी सुनेने चार डब्या आणून ठेवल्या. घराच्या खालीच सुनेचं मोबाइलच्या सामानाचं दुकान होतं.

"आई, हे बिनवायरचे इअरबड. चारही स्वस्तातले. यातला एकच प्रकार मला दुकानात ठेवायचाय. गिऱ्हाईक काय करतं, कानात घालून एक गाणं ऐकतं, वा म्हणतं, आणि आठवड्याने येऊन माझ्या डोक्यावर बसतं. तुम्ही जरा रोजच्या कामात वापरून बघा आणि सांगा."

"माझ्यामागे कामं काय कमी आहेत?" मावशी म्हणाली, आणि तोवर तिने वहीचं नवं पान उघडून चार रकाने आखलेसुद्धा.

तिला एवढी घाई का होती, ते सुनेला माहीत नव्हतं. ती घाई होती धाकटीसाठी. धाकटी म्हणजे मावशीची पाठची बहीण. दुसऱ्या गावी एकटी राहायची. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज पार बसला, सायकलच्या चाकातून हवा जावी तसा, फुस्स. तरी रोज दुपारी चार वाजता दोघींचा फोन चुकला नव्हता. पण हल्ली त्यातलं निम्मं मावशीला कळायचंच नाही. आणि हे सांगायचं कसं? नुसत्या खरखरीवरून केबलचा कुठला जोड भिजलाय ते सांगणारी बाई, तिने म्हणायचं की मला ऐकू येत नाही? शिवाय धाकटी आधीच त्या आवाजाने खजील झालेली. तेव्हा मावशी सहा महिने वेड पांघरून बसली होती. 'हो ना', 'बरं', 'कर की तसं', 'मी कुठे नाही म्हणते'. सगळ्या जगाला नियम शिकवणारी बाई रोज चार वाजता तोच नियम मोडत होती, आणि तिला त्याची लाज वाटत होती. या चारांतल्या एखाद्या डबीतून धाकटी परत पूर्ण ऐकू आली तर बरं, एवढीच तिची आस होती.

कामाला लागली ती मात्र कुणाची भीडभाड न ठेवता. एक नंबर काळे, चकचकीत. गाण्यात ढोल असा वाजला की मावशीला छातीत कळला. पण बातम्या लावल्या, तर वाचणारी बाई गोधडी पांघरून वाचत असावी तसं झालं. 'ढोल उत्तम, माणूस गुदमरतो', मावशीने लिहिलं. दोन नंबर दिसायला नाजूक. केर काढायला वाकल्याबरोबर उजवा पडला आणि कपाटाखाली गेला. काठीने काढला, परत घातला, मग बादली उचलताना डावा पाण्यात गेला. 'सरळ उभं राहणाऱ्यांसाठी', हा त्यांच्यावरचा शेरा. तीन नंबरचा आवाज गोड होता, कानात बसतही छान होते. पण ते घालून ती बाजारात गेली आणि तिथून सुनेला फोन लावला, तर सून म्हणाली, "आई, तुम्ही विहिरीतून बोलताय का?" वर बसचा हॉर्न तिला मावशीपेक्षा स्पष्ट ऐकू येत होता. मावशीने ते दोन्ही प्रामाणिकपणे टिपून घेतलं.

चार नंबरचं रूप काय वर्णावं. पांढरे, जाडजूड, आणि डबीचं झाकण इतकं ढिलं की रबर लावल्याशिवाय बंद राहीना. पण नळ सोडून भांडी घासताना, रस्त्याने चालताना, वाकताना, कुठेही ते जागचे हलले नाहीत, आणि त्यातून बोलणारा माणूस माणसासारखा बोलत होता. मावशीला मनातून ते आवडले. पण आवडण्याला खात्यात काडीची किंमत नसते. वीस शब्द बाकी होते.

ते तिने बुधवारी दुपारी घेतले, दुकानात वर्दळ कमी असते तेव्हा. सून खाली गल्ल्यावर बसून फोनवर शब्द वाचणार, मावशी वर स्वयंपाकघरात बसून लिहिणार. तेही एकेका कानाने. "जोडीतल्या दोन्ही तारा वेगवेगळ्या तपासायच्या असतात," मावशीने बजावलं. "एक तार चांगली असली की दुसरीचं पाप झाकलं जातं."

सुनेने वाचायला सुरुवात केली. सुई, पितळ, चौकट, ढग, बहीण. उजव्या कानाने सतरा, अठरा, सोळा, आणि चार नंबरला एकोणीस. डाव्या कानाने मात्र चार, तीन, चार, पाच. मावशीने ओठ घट्ट मिटले आणि चारही रकान्यांत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'डावा बड खराब'. मग वही घेऊन तरातरा खाली गेली.

"हा माल परत पाठव. चारही डावे खराब आहेत."

सुनेने वही वाचली. मग एकेक डावा बड उचलून स्वतःच्या कानात घातला, गाणं लावलं, काढला, पुसला, ठेवला. चारही वेळा.

"आई," ती हळूच म्हणाली, "चार वेगळ्या कंपन्या. चौघांचाही डावाच कसा बिघडेल?"

"बिघडू शकतो. डावे सगळे एकाच ठिकाणी बनत असतील."

सून हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने फक्त विचारलं, "तुम्ही फोन कुठल्या कानाला लावता?"

हा काय प्रश्न झाला? डाव्या. एकतीस वर्षं डाव्या. उजव्या हातात पेन असतं, लिहून घ्यायचं असतं, रिसीव्हर डाव्या हातातच धरावा लागतो. नोकरी सुटली तरी तिने फोन कधी उजव्या कानाला लावला नव्हता. उजवा कान म्हणजे डूल घालायला. मावशी बोलता बोलता थांबली. तिने तोंडातल्या तोंडात वीसातून पाच वजा केले, आणि वही स्वतःकडे ओढून घेतली. खराब होतं ते काय, ते तिच्या वहीतच लिहिलेलं होतं, तिच्याच अक्षरात, चार वेळा.

"कामाने झिजला असेल," सून म्हणाली. "उजवा बघा ना. वीसात एकोणीस. माझे तरी येतील का?" मग तिने चार नंबरचा उजवा बड काढून सासूच्या तळहातावर ठेवला आणि आलेल्या गिऱ्हाइकाला मोबाइलची काच दाखवायला वळली. मावशीला त्या क्षणी सुनेबद्दल माया दाटून आली. बड मुठीत घट्ट धरून ती जिना चढली.

वर येताना मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं. सुनेने दोन दिवसांपासून तिथलं कपाट रिकामं करायला घेतलं होतं. दुकानाचा माल ठेवणार असेल, असं समजून मावशीने काही विचारलं नव्हतं.

चार वाजले. मावशीने बड उजव्या कानात घातला आणि फोन लावला.

"ताई," धाकटी म्हणाली.

एवढंच. पण मावशीला त्या शब्दाच्या आधीचा श्वाससुद्धा ऐकू आला. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. आवाज बारीकच होता, चिरका होता, पण त्याच्या आत धाकटी अख्खी होती, लहानपणी कुरकुर करायची तश्शी. मावशीचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले.

"ऐक, वीस तारखेला टेम्पो ठरवलाय," धाकटी सांगत होती. "पलंग इथेच देऊन टाकते. शिलाई मशीन तेवढं आणू ना? घरमालकांना मी गेल्याच महिन्यात सांगितलं, सोडतेय म्हणून."

"सोडून कुठे जातेस?" मावशीच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे शांतता. या वेळी ती खरीखुरी शांतता होती, न ऐकू आलेली नव्हे.

"तुझ्याकडे," धाकटी म्हणाली. "तीनदा विचारलं तुला. तीनदा हो म्हणालीस. तुझ्या सुनेलाही सांगितलं, ती म्हणाली, आई हो म्हणाल्यात तर मी कपाट रिकामं करते."

मावशीने मागच्या खोलीकडे पाहिलं. अजून सावरून घेता आलं असतं. 'हो गं, गंमत केली' म्हटलं असतं की विषय संपला असता, धाकटी आलीही असती. पण ती आयुष्यभर या घरात खोट्या हो-वर आलेली म्हणून राहिली असती, आणि ते एकट्या मावशीला माहीत असतं. ते तिच्याने होईना.

"मला ऐकू आलं नव्हतं," ती म्हणाली. "सहा महिने नीट काही येतच नव्हतं. डावा कान गेलाय माझा. नुसती हो हो करत होते."

"म्हणजे तुला माझं येणं नकोय."

"असं कोण म्हणालं?"

"कोणीच काही म्हणालं नाही, तोच तर घोळ आहे." धाकटीचा श्वास जोरात ऐकू आला. रडतेय की रागावलीय, मावशीला कळेना. मग आवाज आला, बारीक पण खणखणीत. "ताई, पेन घे."

"काय?"

"पेन घे. एकतीस वर्षं माझे कान किटवलेस ना, नुसत्या हो ला अर्थ नसतो म्हणून? घे, आणि लिही."

मावशीने निमूटपणे वही ओढली. धाकटी सावकाश सांगत गेली, दर शब्दाला थांबत. मावशीचं अक्षर नेहमीसारखं वळणदारच आलं.

"आता वाच."

मावशीने वाचलं. "आता मला एकटीने राहवत नाही. मी तुझ्याकडे कायमची राहायला येऊ का? मशीन आणेन. तुझे सगळे ब्लाउज मी सैल करून देईन."

"बरोबर. सगळे शब्द बरोबर," धाकटी म्हणाली. तिला आता हसू येत होतं, तेही ऐकू आलं. "आता उत्तर सांग. मी लिहून घेते."

किती वर्षं मावशीच्या मनात हे होतं, पण धाकटीला तिचं घर सोडायला कसं सांगायचं म्हणून ती मूग गिळून होती. तिने खाकरून घेतलं आणि खात्यात बोलायची तशा स्वच्छ, सुट्या आवाजात उत्तर दिलं.

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला, पेन टेकल्याचा आला.

"वाचते," धाकटी म्हणाली. "ये. एकच शब्द आहे. बरोबर?"

"बरोबर," मावशी म्हणाली, आणि वहीत चार नंबरच्या रकान्यात एकोणीस खोडून वीस केले.