अंधश्रद्धामुक्त वस्ती

हिंजवडीच्या एका कंपनीत माणसांना वर्षातून एकदा कष्ट विकत घेऊन देण्याची प्रथा होती. यंदा ठरलं होतं राजस्थानचं वाळवंट. पण वरून खर्चाला कात्री लागली आणि वाळवंट मुळशीतच शोधायची वेळ आली. मे महिना होता, धरणाचं पाणी हटलं होतं, माले गावाच्या पलीकडे कोसभर भेगाळलेली जमीन उघडी पडली होती. वाळू नव्हती, पण फोटोत कोण चाखून बघतंय! मोहिमेच्या कागदावर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रमही छापून तयार होता : जगापासून तुटलेल्या जमातीची भेट.

ती जमात म्हणजे अकरा घरांची खालची वस्ती. नऊ घरांवर डिश, चार दारांत मोटारसायकली. जगापासून तुटलेली ती एवढीच, की शाळेला आणि पक्क्या रस्त्याला जायला चार किलोमीटरचा वळसा पडायचा. धरणाच्या उघड्या तळातून सरळ गेलं तर दहा मिनिटं. पण तिथून कोणी जात नसे, कारण मधल्या पट्ट्यात गाळजाई राहायची.

गाळजाई कुठून आली हे वस्तीतल्या सगुणाबाईला ठाऊक होतं. तिच्या सासूचा धाकटा मुलगा त्या पट्ट्यात रुतून गेला होता. वर वाळलेली पापडी, खाली गळ्याइतकं पिठलं. सासूने लोकांना सांगून पाहिलं, काट्या रोवल्या, पंचायतीकडून पाटी लावून घेतली. पाटी कोणीतरी गोठ्याला दार करायला नेली. शेवटी तिने चार दगडांना शेंदूर फासला आणि इथे देवी आहे, ती गिळते, असं सांगितलं. त्यानंतर चाळीस वर्षांत तिथे कोंबडीसुद्धा गेली नाही. मे महिन्यात तो पट्टा फरशीसारखा टणक होतो हे सासूला कळत होतं, पण देवीला उन्हाळी सुट्टी दिली तर एरवी तिला विचारतो कोण!

सगुणाबाईचा देवाधर्मावर काडीचा विश्वास नव्हता. अंगात येणाऱ्या बायांना ती तोंडावर नाटकी म्हणायची, त्यांची नक्कल करून दाखवायची. पण गाळजाईला दर अमावस्येला न चुकता नारळ फोडायची. खरी गोष्ट तिने एकाच माणसाला सांगितली होती : सून स्नेहलला. घोटावड्याची, बारावी झालेली पोर. दोघी चुलीपाशी बसून पोट धरून हसायच्या. अख्ख्या वस्तीत सगुणाबाईला मनातलं बोलायला तेवढी एकच जागा होती.

मोहीम आली. चौदा माणसं, सारख्या टोप्या, आणि पौडच्या शाकिरने टेम्पोतून आणलेला, एरवी वाढदिवसांना भाड्याने जाणारा एक उंट. म्होरक्या होता अमोघ. जमात टीव्हीवर क्रिकेट बघत बसलेली पाहून तो फार हिरमुसला.

"तुमच्या काही श्रद्धा वगैरे?" त्याने आशेने विचारलं.

शहरी माणसांपुढे आपण अडाणी नाही हे दाखवायची स्नेहलला भारी हौस. "सर, हितं गाळजाई म्हनून हाय. पर देवी-बिवी काई न्हाई, आमच्या आजेसासूनं रचल्याली गोष्ट हाय. खाली गाळ हाय म्हनून."

अमोघचे डोळे चमकले. त्याने पट्ट्यावर लोखंडी सळई ठोकून पाहिली. ती चार बोटंसुद्धा आत जाईना. म्हणजे देवी खोटी आणि गाळही खोटा! चौदाही जण पट्टा ओलांडून गेले आणि परत आले. वर ड्रोन भिरभिरत होता.

"मावशी, उंट बी गेला की वो," शाकिर हळूच म्हणाला.

"आरं, आत्ता टणकच असतंय त्ये!" सगुणाबाई ओरडली. "माघात या की, मंग दावते!"

अमोघने ते वहीत टिपून घेतलं : स्थानिकांचा सुरुवातीचा विरोध. संध्याकाळी वस्तीला चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं, 'अंधश्रद्धामुक्त वस्ती'. ते मारुतीच्या देवळात लावलं, कारण खिळा तिथेच होता.

माघात पाणी हटलं, पट्टा उघडा पडला, वर पापडी धरली. एका सकाळी स्नेहल वस्तीतली सात पोरं घेऊन सरळ वाटेने शाळेला निघाली. सगुणाबाईने शेणाची पाटी टाकली आणि धावत सुटली.

"स्नेहल, थांब! खाली गाळ हाय!"

"आत्या, सळई ठोकून बघितली की त्यांनी. देवी रचली तसा गाळ बी रचला आसंल आजेसासूनं."

सगुणाबाईने दोन्ही हातांनी धोंडा उचलून पट्ट्यात फेकला. तो मेला पापडीवर पाहुण्यासारखा बसून राहिला. पोरं खिदळली. पट्टा आता दहा हातांवर होता. सांगून झालं होतं, दाखवून झालं होतं. उरलं होतं ते एकच, आणि त्याची तिला शिसारी होती.

तिने अंबाडा सोडला, डोळे फिरवले आणि घुमू लागली. "माज्या अंगावर पाय देताय व्हय? येकेकाला गिळीन!" इतक्या वर्षांच्या नकला अशा कामी आल्या. पोरं चपला टाकून पळाली. स्नेहल मटकन खाली बसली.

दुपारी वस्तीतल्या कोंडिबाची म्हैस पट्ट्यात गळ्यापर्यंत रुतली. आठ जणांनी दोर लावून ती बाहेर काढली. आठही जण गाळाने बरबटले होते आणि आठही जण म्हणत होते, देवी कोपली.

मंगळवारी सगुणाबाईच्या दारात रांग लागली. सगळ्यांत शेवटी, डोक्यावर पदर घेऊन, खण-नारळाचं ताट घेतलेली स्नेहल. आता ही डोळा मारेल म्हणून सगुणाबाई वाट बघत राहिली.

"अगं, तू तरी!" ती शेवटी कुजबुजली. "नाटक केलं म्या. तुला तर ठाव हाय समदं."

"व्हय आत्या," स्नेहल पाया पडत म्हणाली. "तुमास्नी वाटतंय तुमी नाटक केलं. जिच्या अंगात येती तिला कुटं कळतंय!"

सगुणाबाईने बोलायला तोंड उघडलं. उंबऱ्यात सातही पोरं टक लावून ऐकत बसली होती. तिने सुनेच्या कपाळाला अंगारा लावला.