काळ्या खडकामागच्या तीन काड्या

कप्तानानं बंदूक ठेवून लेखणी उचलली तेव्हा सैन्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे त्याची पुस्तकं आली आणि तो निःश्वास परत घ्यावा लागला.

कारण युद्धाचा इतिहास लिहिताना त्याचा एकच नियम होता: समोरच्यानं कबूल केल्याशिवाय आपला विजय लिहायचा नाही. या नियमापायी कित्येक सेनापतींचे दणदणीत विजय बरोबरीत सुटले होते. स्वतःची टेकडी मात्र कप्तानानं कधी तपासली नव्हती. आपला तो बाब्या.

विशीत असताना तो त्या टेकडीसाठी रात्रभर लढला होता. काळ्या खडकामागे तीन शत्रू टिपले म्हणून त्याला पदक मिळालं आणि पदकाकडे बघून सासऱ्यांनी मुलगी दिली. जावयाचं तोंड त्यांनी बहुधा नंतर पाहिलं.

तेव्हापासून घरातल्या जेवणाच्या टेबलावर वाळूची टेकडी होती. माणसं उरलेल्या कोपऱ्यात जेवत. गुलाच्या काड्या म्हणजे शत्रू, गूल मोडलेल्या म्हणजे आपण. घरातल्या यच्चयावत काड्या अशा भरती झाल्यामुळे काडेपेटी कायम रिकामी. एका काळ्या खड्यामागे तीन काड्या आडव्या होत्या. त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्यांच्याबद्दल कप्तान जागेपणी चकार शब्द काढत नसे. झोपेत मात्र म्हणायचा, "उठा रे, उठा आता." बायको तीस वर्षं ते ऐकत होती.

यंदा पलटणीला शंभर वर्षं झाली. मोठ्या साहेबांना गौरवग्रंथ हवा होता आणि पहिलंच प्रकरण टेकडीचं. टेकडी कुठे आहे हे साहेबांना ठाऊक नव्हतं, पण अभिमान जागच्या जागी तयार होता. आता नियम मोडला तर जग हसेल, म्हणून कप्तानानं पलीकडच्या इतिहासकाराला घरी बोलावलं. तोही त्या रात्री तिथेच होता, समोरच्या उतारावर. भाषा दोघांची एकच. भांडायला तेवढी पुरली होती.

पाहुण्यानं चष्मा पुसला आणि खड्यामागच्या तीन सोडून गुलाच्या सगळ्या काड्या उचलून टेकडीच्या पायथ्याशी नेऊन ठेवल्या.

"अंधार पडला आणि आम्हाला वाटलं, तुम्ही चढून आलात," तो म्हणाला. "उतरलो खाली."

कप्तानाचा चेहरा उतरला. त्याची पलटणही अंधार पडताच खाली उतरली होती, याच भीतीनं. पुस्तकात त्याला फेरमांडणी म्हणतात. त्यानं निमूट आपल्या काड्या दुसऱ्या पायथ्याशी नेल्या. त्या आडव्या तिघांखेरीज टेकडी रिकामी झाली.

"मग रात्रभर गोळ्या कोणावर झाडल्या?" बायकोनं विचारलं.

"टेकडीवर, वहिनी. तिनं मात्र शौर्यानं तोंड दिलं."

"आणि पहाटे तुम्ही वर का नाही आलात?"

"चहा यायचा होता," पाहुणा म्हणाला.

कप्तान कसाबसा बोलला, "खडकामागे तुमचे तिघं होते. मी सावल्या पाहिल्या. माझ्या गोळ्यांनी पडले ते. सकाळी प्रेतं नव्हती, तर तेव्हाचे साहेब म्हणाले, शत्रूनं रातोरात नेली."

"नेणार कोण? त्या रात्री आमचं कोणीच गेलं नाही. उतरताना एकाचा पाय मुरगळला. पदक त्यालाच मिळालं."

पदक गेलं, प्रकरण गेलं, सासऱ्यांची पारखही गेली. आणि कप्तानाला इतकं हलकं वाटलं की त्याला खुर्ची धरावी लागली. डोळे भरून आले ते त्यानं पुसले नाहीत.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "किती पानं झाली?"

"एक ओळ, साहेब. टेकडीवर कोणी नव्हतं."

"पुरावा काय?"

"शत्रू स्वतः सांगतोय."

"शत्रूवर विश्वास ठेवता?"

"आपल्यावर तीस वर्षं ठेवून पाहिला," कप्तान म्हणाला. साहेबांनी फोन आपटला. पहिल्या प्रकरणात आता साहेबांनी लावलेल्या झाडाचा फोटो जाणार, हे उघड होतं.

बायको चहाला उठली आणि सवयीनं पुटपुटली, "काडी नाही घरात."

कप्तानानं काळ्या खड्यामागे हात घातला. तिन्ही काड्या उचलून त्यानं तिच्या तळहातावर ठेवल्या.

"घे," तो म्हणाला. "उठले एकदाचे."

पहिली काडी सर्दावलेली निघाली. दुसरीवर चहा झाला. तिसरी तिनं पेटीत ठेवली, सकाळसाठी.