ठमीची दाढ

अनुसयाबाईंनी चहाची बशी ओठांशी नेली, तोच खाटेखालून एक पांढरी-पिवळी मांजरी बाहेर आली आणि सरळ त्यांच्या लुगड्याला अंग घासू लागली. डाव्या कानाचा शेंडा तुटलेला. बशीतला चहा हिंदकळून मांडीवर सांडला.

"पाहा बरं," सुमित्राबाई कौतुकानं म्हणाल्या, "नवख्या माणसाजवळ जात नाई ते कधी. तुमच्याजवळ कशी गेली!"

अनुसयाबाई वर्ध्याहून मोटारीनं तळेगावला आल्या होत्या, आपल्या मुलीसाठी, मीरेसाठी, स्थळ पाहायला. सुमित्राबाईंचा मुलगा प्रभाकर गावच्या शाळेत मास्तर होता. घर नेटकं होतं, माणसं साधी होती. मनातून त्यांनी होकार देऊनही टाकला होता. आता पदरानं लुगडं पुसताना त्यांची मान वर होईना.

"कुठली ही?" त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"मोटार स्टँडवर सापडली प्रभाकरले. गोणपाटाच्या पिशवीत घालून, तोंड बांधून सोडली होती कोणीतरी. हात लावला का चावे. शेजारचे म्हणत, माजली आहे, टाका हाकलून. पण मी पाहून राह्यली होती ना. दुधाजवळ जाये, जीभ लावे, अन् मागं सरे. लाळ गळे. मंग प्रभाकरनं तिले आर्वीले ढोराच्या दवाखान्यात नेलं. मांजर घेऊन आला म्हणून हसले लोक त्याले. दाढ सडली होती, आत पू झालता. दाढ काढली, अन् मंग आपणहून मांडीवर येऊन निजू लागली."

अनुसयाबाईंनी बशी खाली ठेवली. वर्ध्याच्या घरी दुधाच्या वाटीत रक्ताची बारीक तार त्यांनी पाहिली होती. उंदीर मारून आली असेल म्हणत वाटी राखेनं घासून टाकली होती. मग एकदा ती मीरेच्या हाताला चावली, तेव्हा हातातलं लाटणं त्यांनी तिच्या तोंडावरच हाणलं होतं. मीरा मामाकडे गेल्याचं निमित्त साधून तिला पिशवीत बांधून मोटारीच्या क्लीनरकडे दिलं, 'लांब कुठंतरी सोड' म्हणून. परत आल्यावर मीरा वाटी घेऊन गल्लीभर हाका मारत फिरली होती.

"मुक्या जिवाले असं बांधून देणारं घर कसं असन हो?" सुमित्राबाई म्हणाल्या.

"असेल कुणीतरी," अनुसयाबाई म्हणाल्या. आणि कुणी विचारलं नसताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे नाही मांजर."

मांजरी त्यांच्या पावलावर डोकं टेकून पसरली. त्यांनी हात पुढं केला. हात गालाजवळ येताच तिनं डोळे गच्च मिटले, अंग चोरलं. पण ती उठून गेली नाही.

अनुसयाबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला.

"हिचं नाव ठमी," त्या म्हणाल्या.

सुमित्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ती पिशवी मीच बांधली. चावते म्हणून. मारलंसुद्धा. मीरेला सांगितलं, पळून गेली."

सुमित्राबाई उठल्या. मांजरीला उचलून त्यांनी छातीशी धरलं. अनुसयाबाईंनी आपली कापडी पिशवी काखेत घेतली. आता इथं बसण्यात अर्थ नव्हता. त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा मागून आवाज आला.

"पोरीले घेऊन या."

अनुसयाबाई थांबल्या.

"पण घरी गेल्याबरोबर तिले खरं सांगजा. इथं येऊन कळाले नको."

"सांगते."

"अन् मांजर मी वापस देणार नाई."

"नका देऊ," अनुसयाबाई म्हणाल्या आणि चपला घालायला वाकल्या. चपला समोरच होत्या. तरी बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.