शाहीर गुणवंतांचा निरोपाचा दौरा

शाहीर गुणवंत पाष्टे यांनी गाण्यातून निवृत्त व्हायचं ठरवलं, तेव्हा त्यांना कुणीही थांबवलं नाही. हे त्यांना चांगलंच लागलं. निदान दोन-चार जणांनी "असं कसं शाहीर?" म्हणावं, आपण हात जोडून "नाही हो, आता पुरे" म्हणावं, एवढी साधी अपेक्षा होती. पण लोक "अरे वा, शुभेच्छा!" म्हणून मोकळे झाले.

खरं सांगायचं तर निवृत्तीची कल्पना कंठातून आलीच नव्हती. ती मंदीतून आली होती. २००९ चा फेब्रुवारी होता. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या गुणवंतरावांच्या ऑफिसात साठपैकी बेचाळीस खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. ते स्वतः वाचले, कारण ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते आणि बंद पडलेल्या प्रकल्पांचे कागद लावून ठेवायलाही एक माणूस लागतोच. गाण्याचं मात्र तसं नव्हतं. दर थंडीत सहा-सात कार्यक्रम व्हायचे, ते यंदा शून्यावर आले. ज्या बिल्डरच्या पैशावर हॉल मिळायचा तो फोनच उचलेना. मग गुणवंतरावांच्या डोक्यात आलं की गाणाऱ्याला ऐकायला लोक येत नाहीत, पण शेवटचं गाणाऱ्याला येतील. त्यांनी स्वतःच पत्रक छापलं : 'शाहीर गुणवंत यांचा निरोपाचा दौरा. चार अमिराती, चार बाऱ्या.'

"बाबा, यू कान्ट रिटायर इफ नोबडी हायर्ड यू," बारावीतली ईश्वरी पत्रक वाचून म्हणाली.

"होऊ दे की दौरा," त्यांची बायको मृणालिनी भाजी निवडत म्हणाली. "चार शुक्रवार घरात शांतता."

बारी म्हणजे कोकणातलं शक्ती-तुऱ्याचं गाणं. समोरासमोर दोन शाहीर, एक शक्तीचा, एक तुऱ्याचा, दोघांच्या मागे ढोलकी, झांज आणि झील धरणारे, पुढे घुंगरू बांधलेले नाच्ये. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जबाब द्यायचा. जबाब आला नाही की हरला. म्हणजे यात एकट्याने निवृत्त होण्याची सोयच नाही. निरोप घ्यायचा तरी समोर प्रतिस्पर्धी लागतो, आणि अख्ख्या आखातात गुणवंतरावांच्या तुऱ्यासमोर शक्तीवाला उभा राहू शकेल असा एकच माणूस होता : अन्वर.

अन्वर रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, गुणवंतराव गुहागरचे. अन्वर रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. गेली अठरा वर्षं दोघे एकमेकांना गाण्यातून शिव्या घालत होते, आणि अठरा वर्षांत शेवटचा सवाल एकदाही गुणवंतरावांचा ठरला नव्हता. अन्वर काळा, बुटका, आवाज जरासा फाटका. गुणवंतरावांचा आवाज भरदार, फेटा झकास, अंगरख्याला जरीची किनार. तरी शेवटी टाळ्या अन्वरला पडायच्या. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याला गप्प करायचं, एवढंच गुणवंतरावांना या दौऱ्यातून हवं होतं. बाकी निरोप वगैरे पत्रकावर शोभायला होतं.

त्यांनी फोन लावला. "निरोप माझा आहे अन्वर. तू यायचंस आणि शोभेलसं हरायचंस."

"हरतो की, हबीबी," अन्वर म्हणाला. "पन हरण्यासारखा सवाल तर घाल."

पहिली बारी शारजाला, एका सुपरमार्केटच्या मागच्या अंगणात झाली. प्रेक्षक चाळीस, त्यातले अकरा दोन्ही मंडळींतलेच. गुणवंतरावांनी गणाआधी वीस मिनिटांचं निरोपाचं भाषण केलं. शेवटी रुमाल काढावा लागला. रुमाल काढणारे ते एकटेच होते. मग अन्वर उठला, झांज एकदा वाजवली आणि गायला :

*निघतो निघतो म्हणे पाहुणा, दारात करितो घाई,*
*तिसरा चहा पिऊन झाला, उठायचं नाव नाही!*

चाळीस माणसांनी चारशेंइतका दंगा केला. पुढच्या रांगेत मृणालिनी पदर तोंडाला लावून हसत होती, हे गुणवंतरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाच वर्षांपूर्वी गुडघ्याचं कारण सांगून त्यांनी एकदा निवृत्ती घेतली होती आणि दीड महिन्यात परतही आले होते, हे सगळ्यांना आठवत होतं.

पुढचा आठवडा त्यांनी ऑफिसात बंद प्रकल्पांच्या फायलींआड बसून सवाल रचण्यात घालवला. इतकं मन लावून त्यांनी कंपनीचं काम बावीस वर्षांत केलं नव्हतं. आणि सवाल जमला. असा जमला की लिफ्टमध्ये एकटेच असताना त्यांनी स्वतःच्या पाठीवर हात पोचतो का ते पाहिलं. पोचला नाही.

दुसरी बारी अबू धाबीला, एका ओळखीच्यांच्या व्हिलाच्या गच्चीवर, शुक्रवारी नमाजानंतर. गुणवंतरावांनी भाषण सात मिनिटांवर आणलं आणि थेट अन्वरसमोर जाऊन उभे राहिले :

*सव्वीस वर्षं गोदाम राखलं, कुलूप लावलं खास,*
*सर्वात जुना माल कोणता, विचारतो मी यास!*
*गिऱ्हाईक ज्याला मिळेना कोठे, धूळ बसे ज्यावर,*
*कंपनी ज्याला फेकत नाही, तो माल कोण, अन्वर?*

गच्ची उसळली. त्यांच्याच ढोलकीवाल्या रफिकचा हात मात्र मध्येच चुकला, ते गुणवंतरावांच्या ध्यानात आलं. पण त्यांनी ते स्वतःच्या सवालाच्या खात्यावर टाकलं. सगळे अन्वरकडे पाहायला लागले. अन्वरने तोंड उघडलं. झांज वर उचलली. आणि खाली ठेवली.

"खलास," तो हसून म्हणाला. "जबाब नाय."

अठरा वर्षांत पहिल्यांदा. गुणवंतरावांना लोकांनी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, वजन बघून बेत सोडून दिला. घरी जाताना त्यांनी गाडीत तोच सवाल नऊ वेळा म्हणून दाखवला. दहाव्या वेळी मृणालिनीने रेडिओ मोठा केला. त्या रात्री आनंदाने झोप लागेना आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण एका स्टोअरकीपरला हरवलं म्हणून जागे आहोत, याची त्यांना थोडी लाजही वाटली. फार नाही.

तिसरी बारी रास अल खैमाला, अन्वरच्या कारखान्याच्या मैदानावर ठरली होती. ते मैदान अन्वर मिळवून देणार होता. मंगळवारी त्याचा मेसेज आला की मैदान मिळत नाही, ही बारी राहू दे. गुणवंतराव भडकले. हरला म्हणून तोंड चुकवतोय, दुसरं काय! शुक्रवारी दुपारी ते इंटरनॅशनल सिटीला गेले, रफिकला त्याच्या फ्लॅटमधून उठवलं आणि त्याच्याच पिकअपमध्ये बसून म्हणाले, "यल्ला, चल. समोर जाऊन विचारतो."

रफिक मुकाट्याने गाडी चालवत होता. उम्म अल कुवैन गेलं तरी गुणवंतरावांचं चालूच होतं. खिलाडूपणा हवा, हरणं पचवता आलं पाहिजे, मी अठरा वर्षं पचवलंच ना, वगैरे. शेवटी रफिकने पिकअप कडेला घेतली.

"शाहीर, अब बस करो," तो म्हणाला. "अन्वरभाईंचं नाव छाटणीच्या लिस्टमध्ये आलंय. महिना होत आला. व्हिसा कॅन्सल झाला. येत्या गुरुवारची फ्लाईट आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाले, इसलिए मैं चुप था. म्हणाले, निरोप गुणवंताचा आहे, त्यात माझं नको."

गुणवंतरावांनी बोटांवर दिवस मोजले. महिना होत आला, म्हणजे शारजाच्या आधी. म्हणजे तो पाहुण्याच्या चहाचं गाणं गात होता तेव्हा त्याचं स्वतःचं निघणं ठरलेलं होतं. आणि अबू धाबीला, भर गच्चीवर, आपण त्याच्या तोंडासमोर उभं राहून... 'कंपनी ज्याला फेकत नाही.' ओळ रचताना लिफ्टमध्ये हसलेलं आठवलं आणि कानशिलं तापली. त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली. ही शरम रुमालाने पुसण्यातली नव्हती.

रास अल खैमात अन्वर आपल्या खोलीत खोक्याला सुतळी बांधत होता. खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत 'अन्वर, रत्नागिरी' लिहिलेलं. गुणवंतरावांना दारात बघून त्याने रफिककडे एक कटाक्ष टाकला, मग खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली.

"बस. चहा घे. पहिलाच हाय, घाबरू नको."

गुणवंतराव बसले. येताना गाडीत त्यांनी माफीची चार वाक्यं तयार केली होती. शाहीर माणूस, वाक्यं चांगली होती. एकही आठवेना.

"अन्वर, मला माहीत नव्हतं रे."

"ठाऊक हाय. ठाऊक असतं तर तू असा झकास सवाल टाकलाच नसतास. रडूबाई आहेस तू."

"रागावला नाहीस?"

"रागावू कशाला? घरी साजिदाला फोनवर म्हणून दाखवला. तिला लय आवडला. म्हणते, बावीस वर्षांच्या संसारात तुमचं खरं वर्णन एकानेच केलं."

गुणवंतराव हसले. चहा आला, गोड, दाट, दूध आटवलेला. आणि मग, सुतळीची दुसरी गाठ मारणाऱ्या, पाच-सहा दिवसांत कायमच्या जाणाऱ्या मित्रासमोर बसून, या माणसाच्या मनात काय यावं? विचारू नये हे त्यांना कळत होतं. तोंड ऐकेना.

"पण मग... जबाब खरंच नव्हता ना?"

रफिकने कपाळावर हात मारला. अन्वर मात्र खो खो हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"होता," तो म्हणाला. "तू 'अन्वर' म्हणालास तेव्हाच तोंडात आला होता. पन शेवटची ओळ म्हटली असती तर सगळ्यांना कळलं असतं. तुझ्या निरोपाची मैयत झाली असती."

"म्हण."

"जाऊ दे रे."

"म्हण, अन्वर."

अन्वरने झांज बांधून टाकली होती. त्याने चहाच्या कपावर चमचा धरला आणि हळू आवाजात, खोलीपुरतं म्हटलं :

*जुना माल तो मीच शाहिरा, खोटं कशाला बोलू?*
*फरशी फुटता नव्या घराची, जुनंच खोकं खोलू.*
*रंग जुळेना नव्या मालाचा, शोधशील दारोदारी,*
*मी गेल्यावर सांग, कुणाशी जुळेल तुझी बारी?*

मग रफिकनेच गुणवंतरावांना समजावलं की टाइलच्या प्रत्येक घाण्याचा रंग जरासा वेगळा येतो. नंतर फरशी फुटली तर नवी आणून चालत नाही, त्याच घाण्यातलं जुनं खोकं शोधावं लागतं. म्हणून तर स्टोअरमध्ये जुना माल जपतात. गुणवंतरावांना ते आधीच कळलं होतं. ते नाक पुसत होते, आणि या वेळी एकटे नव्हते.

"दुबईची बारी रद्द करतो," ते म्हणाले.

"अजिबात नाय," अन्वर म्हणाला. "तू निवृत्त झालास की मगच मी सुखाने झोपेन."

गुरुवारी अन्वर गेला. शुक्रवारी दुपारी चारला करामातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये शेवटची बारी होती. बातमी एव्हाना सगळीकडे झाली होती, म्हणून असेल, खुर्च्या कमी पडल्या. शक्तीवाल्यांची बाजू तशीच मांडून ठेवली होती : सतरंजी, माईक, मागे झीलकरी बसलेले, मध्ये शाहिराची जागा मोकळी. नव्या कुणाला उभं करा, असं आयोजक म्हणत होते. गुणवंतरावांनी नको म्हणून सांगितलं.

त्यांनी भाषण केलं नाही. गण झाला, गवळण झाली. मग ते मोकळ्या जागेसमोर उभे राहिले आणि अबू धाबीचा सवाल म्हटला, शेवटच्या शब्दापर्यंत. 'तो माल कोण, अन्वर?' कुणी हसलं नाही. कुणीतरी मागून पुटपुटलंसुद्धा, की याला अजून कळत नाही का.

गुणवंतरावांनी फेटा उतरवून आपल्या सतरंजीवर ठेवला. डोक्यावर चारच केस होते, हे बावीस वर्षांत दुबईला पहिल्यांदा दिसलं. ते चालत समोरच्या बाजूला गेले आणि अन्वरच्या जागेवर, त्याच्याच झीलकऱ्यांपुढे उभे राहिले. अठरा वर्षांत तुऱ्याचा माणूस त्या सतरंजीवर चढला नव्हता. झीलकरी एकमेकांकडे बघू लागले. पलीकडून रफिकने ढोलकी धरली.

आवाज मुद्दाम लहान करून त्यांनी अन्वरचा जबाब म्हटला. तिसऱ्या ओळीला भरदार गळा फाटला, तो तसाच राहू दिला. शेवटची ओळ त्यांनी आपल्या स्वतःच्या रिकाम्या सतरंजीकडे बघून टाकली : 'मी गेल्यावर सांग, कुणाशी जुळेल तुझी बारी?' झीलकऱ्यांनी ती उचलली, दोनदा, तीनदा.

मग ते परत आपल्या बाजूला आले. आता सवाल त्यांच्यावर होता. ढोलकी थांबली. पुढच्या रांगेत मृणालिनी पदर डोळ्यांना लावून बसली होती. ईश्वरी हळूच म्हणाली, "आई, व्हाय इजन्ट ही आन्सरिंग?"

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. झांज वर उचलली. खूप वेळ धरून ठेवली.

"जबाब नाही," ते म्हणाले. "अन्वर जिंकला."