फ्यूजवरचा बाण

आमच्या ह्यांना कान आहेत. हे मी म्हणत नाही, अख्खं इंदिरानगर म्हणतं. दर रविवारी सकाळी चार माणसं आमच्याकडे गाणं ऐकायला येतात, दोन-दोन वेळा पोहे घेतात आणि जाताना चपला घालता घालता म्हणतात, "महेशराव, तुमच्यासारखा कान नाही हो नाशिकात." मग हे दिवसभर मान ताठ करून हिंडतात. भाजीत मीठ विसरलं तरी त्या दिवशी चालतं.

ती चार माणसं बसतात ती खोली माझी होती. लग्नानंतर मी नांदगावहून तानपुरा घेऊन आले तो तिथेच ठेवला होता. मग ह्यांचे स्पीकर आले, माणसाएवढे उंच, आणि तानपुरा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. तसाही मी गात नव्हतेच तेव्हा. का गात नव्हते ते सांगते पुढे. सांगितल्याशिवाय माझा जीव थंड व्हायचा नाही.

यंदा बिल्डिंगमधल्या तिघी जणी मागे लागल्या. उज्वलाताई, आम्हाला शिकवा, आमच्यासाठी नाही तर तुमच्यासाठी बसा. मी ह्यांना म्हटलं, "अहो, शनिवारची संध्याकाळ तेवढी ती खोली द्या मला." हे म्हणाले, "स्पीकरची जागा ठरलेली असते गं. सतरंजी टाकली तरी आवाज बदलतो." सतरंजीने बदलतो, बायकोने तर बदलणारच.

त्याच आठवड्यात तो फ्यूज आला.

ह्यांचा ॲम्प्लिफायर भाच्याने इंग्लंडहून आणलाय. तिकडचा प्लग आपल्यासारखा नसतो. जाडजूड, चौकोनी, चपट्या पिनांचा, आणि त्याच्या पोटातच फ्यूज. बोटाच्या एका पेराएवढी नळी. करंट जास्त झाला की आतली तार वितळते आणि मशीन वाचतं, एवढंच तिचं काम. हा नवा फ्यूज मात्र निळ्या मखमलीच्या डबीत आला. माझं मंगळसूत्रसुद्धा इतक्या चांगल्या डबीतून आलं नव्हतं. त्याच्यावर बारीक बाण काढलेला होता. करंट बाणाच्या दिशेने गेला पाहिजे म्हणे, तरच सूर उघडतो.

रविवारी त्या बाणावरून दीड तास वाद. यादव सर म्हणून आहेत एक, कॉलेजातून निवृत्त झालेले, ते म्हणाले बाण पिनेकडे हवा. हे म्हणाले मशीनकडे. दोन्हीकडून लावून एका गाणाऱ्या बाईंचा यमन ऐकला. डोळे मिटून, माना हलवून. "पडदा बाजूला झाला." "बाई समोर येऊन बसल्या." मी चहाचे कप गोळा करत होते. माझ्या कानाला तसूभर फरक कळला नाही, आणि मी तसं म्हटलं. वर हेही म्हटलं की बाई समोर बसलेल्याच नाहीत, दोन वर्षं झाली, तुम्ही ती नवीन जाड वायर लावल्यापासून त्या खोलीभर पातळ होऊन पसरतात. मधोमध कोणी नाहीच. डग्गासुद्धा पोकळ लागतो.

चौघं माझ्याकडे बघायला लागले. मग यादव सर गोड हसून म्हणाले, "वहिनी, चहात आलं मात्र फर्मास हं आज."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ट्रे खाली ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "न बघता ओळखून दाखवा मग. नवा कुठला, जुना कुठला."

चार लोकांत विचारल्यावर हे मागे कसे हटणार? म्हणाले, "दहापैकी आठ तरी ओळखीन. नाही ओळखले तर खोली तुझी. शनिवार-रविवार दोन्ही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

पुढच्या रविवारी नाथाला बोलावलं होतं. नाथा आमचा वायरमन, इगतपुरीकडचा, वीस वर्षं आमच्या बिल्डिंगचं सगळं काम तोच करतो. स्पीकरमागच्या भिंतीजवळ पडदा लावला. पडद्याआड नाथा आणि मी. मी नाणं उडवायचं, छापा आला तर नवा फ्यूज, काटा आला तर जुना, आणि वहीत लिहायचं. नाथाने मशीन बंद करून प्लग काढायचा, फ्यूज घालायचा, पुन्हा लावायचा. तोच राहणार असला तरी काढून घालायचा, म्हणजे आवाजावरून कळायला नको. समोर हे बसणार, यमनचा तोच एक मिनिटाचा तुकडा ऐकणार आणि कागदावर लिहिणार.

नाथाने बाण बघितला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, आपल्या लायनीतला करंट सेकंदाला पन्नास येळा जातो अन् पन्नास येळा माघारी येतो. त्याला बाण दावून काय उपेग?" मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. पलीकडून हे ओरडले, "शांतता!"

दहा फेऱ्या झाल्या. एक सांगते, मी एकही अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. नाणं पडलं तसं लिहिलं. मला लबाडी करायची गरजच नव्हती.

यादव सरांनी दोन्ही कागद शेजारी धरून मोठ्याने वाचले. दहापैकी चार.

चार! नाणं उडवून सांगितलं असतं तरी पाच आले असते. मी मनात सतरंजी अंथरलीसुद्धा. खिडकीकडे तोंड करून बसायचं, तानपुऱ्याच्या तारा बदलून आणायच्या, इथपर्यंत पोचले होते मी.

हे कागदाकडे बघत राहिले आणि मग मान वर करून, चार माणसांसमोर, मला म्हणाले, "तू नीट लिहिलंस ना?"

काय बोलावं अशा माणसाला? चोवीस वर्षं संसार केला. नाथा म्हणाला, "सायेब, म्या शेजारीच होतो. ताईंनी बरोबर लिव्हलं हाय." हे म्हणाले, "तू तुझं बोर्डाचं बघ." यादव सर म्हणाले, एखाद्या फेरीत बाण उलटा गेला असणार. दुसऱ्या एकाने सांगितलं की असा फ्यूज मुरायला दोनशे तास लागतात, लगेच काय कळणार. लोणचं आहे का ते? पण सगळ्यांना पटलं. बाहेरच्या खोलीत पोहे खायला गेले आणि बोलता बोलता चाराचे आठ झाल्यासारखे हसायला लागले.

मी पडद्याआडच उभी होते. नाथा खाली वाकून अवजारं भरत होता, तो तसाच थांबला. "ताई," म्हणाला, "ह्या डाव्या डब्याच्या तारा उलट्या हायेत. लाल काळ्यात अन् काळी लालमधी. एक डबा हवा पुढं ढकलतो तवा दुसरा मागं वढतो. कुठनं बाई मधी बसायची?"

दोन वर्षं मी हेच सांगत होते, नाव माहीत नव्हतं एवढंच. मी म्हटलं, "फिरव." त्याने मशीन बंद असल्याची खात्री केली, मागचे दोन स्क्रू सैल करून तारा बदलल्या. दोन मिनिटांचं काम.

सगळे आत आले, बसले, तुकडा लावला. आणि बाई खरंच समोर येऊन बसल्या. मधोमध. श्वास घेतलेला ऐकू आला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

हे टुणकन उठले. "मुरला! बघा, फ्यूज मुरला!"

यादव सरांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "अहो, फ्यूज नाही, वायर उलटी होती. आत्ता नाथाने सरळ केली." हे म्हणाले, "अशक्य. मी माझ्या हाताने लावली होती." टॉर्च घेऊन मागे गेले, वाकून बघितलं आणि विजयी मुद्रेने आले. "लाल लालमध्ये, काळी काळ्यात. या, बघा कोणीही!" नाथा म्हणाला, "सायेब, ती म्या आत्ता फिरवली." तर त्याच्यावरच उखडले. माझ्या स्पीकरला हात लावायला कुणी सांगितलं, बिघडवलंस तर भरून देणार आहेस का, असलं बरंच काही. नाथाने पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला. बिचारा आला होता माझ्यासाठी आणि माझ्याच घरातून शिव्या खाऊन गेला.

संध्याकाळी मी खोलीचं विचारलं. हे म्हणाले, "आता? आता कुठे आवाज जुळलाय. आता तर काहीच हलवायचं नाही." तोंडाला पानं पुसली माझ्या. त्या आठवड्यात बाकीच्या चौघांनीही बाणाचे फ्यूज मागवले, आणि त्यांच्यातल्या तिघांच्या घरी इंग्लंडचा प्लगसुद्धा नाही.

बुधवारी हे बँकेत गेले असताना मी मशीन बंद केलं, स्पीकरमागे गेले, ते दोन स्क्रू सैल केले आणि तारा पुन्हा उलट्या लावल्या. रागाने केलं, आधी कबूल करते. म्हटलं, रविवारी बसतील आणि म्हणतील, काहीतरी गेलं. मग मी दाखवीन.

रविवार आला. बाई पुन्हा पातळ होऊन भिंतींना चिकटल्या. हे डोळे मिटून म्हणाले, "आहाहा. दिवसेंदिवस उघडतोय." चौघांच्या माना हलल्या. पुढचा रविवार तसाच. आज नऊ आठवडे झाले. तारा अजून उलट्या आहेत.

पहिले दोन-तीन रविवार मी स्वयंपाकघरात तोंड दाबून हसले. चौथ्या रविवारी हसू थांबलं, कारण मला एक आठवलं.

लग्नाला सहा महिने झाले होते. रेडिओच्या स्वरचाचणीचं पत्र आलं होतं मला. नांदगावला ललिताबाईंकडे अकरा वर्षं शिकले होते मी. बाई फार कडक, चुकलं की बोटावर पट्टी मारायच्या. त्यांनी स्वतः अर्ज भरायला लावला होता. चाचणीच्या आठ दिवस आधी मी त्याच खोलीत यमन गात होते. हे दारात उभे राहून ऐकत होते, गळ्यात हेडफोन. गाऊन झालं तेव्हा म्हणाले, "छान आहे. पण पंचम उतरतो गं तुझा. किंचित. इतरांना नाही कळायचा, माझ्या कानाला कळतो."

मी विश्वास ठेवला. कान होते ना ह्यांना! सगळे म्हणत होते. अकरा वर्षं ललिताबाईंना जे ऐकू आलं नाही ते ह्यांना आलं, असंच मला वाटलं. आठ दिवस पंचम लावून लावून घसा बसवून घेतला, आणि मग गेलेच नाही चाचणीला. ललिताबाईंना कळवलंही नाही, तोंड दाखवायची लाज वाटली. पुढे कुणी गा म्हटलं की मीच सांगायची, नको, माझा पंचम उतरतो. ललिताबाई गेल्या तेव्हासुद्धा मी नांदगावला गेले नाही.

आणि ह्या माणसाला स्पीकर उलटा आहे हे कळत नाही! दोन वर्षं कळलं नाही, सरळ केला तेव्हा कळलं नाही, पुन्हा उलटा केला तरी कळलं नाही. पंचम कळला म्हणे. डोंबल!

काल दुपारी स्टूल घेतलं आणि तानपुरा माळ्यावरून काढला. भोपळ्याला बारीक चीर गेली होती, पण वाजत होता. मेन रोडवरून आणलेल्या नव्या तारा चढवल्या, मिळवल्या, आणि आमच्या झोपायच्या खोलीत पलंगाला टेकून बसले. हे बाहेर पेपर वाचत होते. दार मुद्दाम उघडं ठेवलं.

तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची. ती कुणाची बायको नाही की कुणाची मैत्रीण नाही, आहे तो सूर देते. षड्ज लावला. घोगरा होता, पण लागला. गंधार लागला. हळूहळू वर गेले आणि पंचमावर थांबले.

उतरला.

पुन्हा घेतला. पुन्हा खाली. तार तिच्या जागी होती आणि मी तिच्या खाली लोंबकळत होते. पाचदा घेतला, दहादा घेतला. चोवीस वर्षं न वापरलेला गळा, तो काय करणार? तेव्हा उतरत नव्हता. आता मात्र खरंच उतरतो.

मी थांबले, तशी बाहेरून पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. हे दारात येऊन उभे राहिले. चेहरा अगदी प्रसन्न.

"वा, उज्वला! आज पंचम काय लागलाय गं!"

हेच तेव्हा म्हणाले असते, न ऐकताच म्हणाले असते, तरी मला चाललं असतं.